आजच्या उकाड्यात हवामानबदलाचा वाटा किती? ‘क्लायमेट शिफ्ट इंडेक्स’ नकाशाचं परीक्षण

क्लायमेट सेंट्रल ही अमेरिकेतली ना-नफा संस्था. तिने २०२२ मध्ये आणलेला ‘क्लायमेट शिफ्ट इंडेक्स’, थोडक्यात सीएसआय, हा नकाशा एकाच प्रश्नाचं उत्तर देतो: आज तुमच्या भागात जेवढं तापमान आहे, तेवढं तापमान माणसाने घडवलेल्या हवामानबदलामुळे किती पटींनी जास्त वेळा येऊ लागलं आहे? नकाशा मोफत आहे, नोंदणी लागत नाही, मोबाइलच्या ब्राउझरमध्ये उघडतो. त्यातले गडद लाल पट्टे उन्हाळ्यात समाजमाध्यमांवर फिरू लागतात आणि त्यांच्याखाली बरेचदा भलतीच ओळ लिहिलेली असते.

निकाल आधीच सांगतो. तापमानासाठी, त्यातही कोकण-गोव्याच्या रात्रींच्या तापमानासाठी, सामान्य वाचकाला इतक्या सहज मिळणारं दुसरं साधन नाही. पाऊस आणि गारपिटीसाठी मात्र या नकाशाचा काडीचा उपयोग नाही. त्यासाठी दुसरीकडे जावं लागतं आणि तिथेही सगळ्याच प्रश्नांना उत्तर मिळत नाही.

वापर सोपा आहे. तारीख निवडायची, दिवसाचं कमाल, किमान की सरासरी तापमान हवं ते ठरवायचं आणि नकाशावर आपलं ठिकाण शोधायचं. उणे ५ ते अधिक ५ या पट्टीवरचा आकडा मिळतो. १ म्हणजे तेवढं तापमान किमान दीडपट जास्त वेळा येतं, २ म्हणजे किमान दुप्पट, ३ म्हणजे किमान तिप्पट, असं ५ पर्यंत. यातला ‘किमान’ गाळून चालत नाही. पट्टी ५ ला संपते, त्यामुळे ५ च्या रंगात सहापटही बसतं आणि वीसपटही. ‘उष्मा पाचपट वाढला’ असं लिहिणारे इथे दोनदा चुकतात: एक तर आकडा ‘किमान’ असतो, आणि दुसरं म्हणजे उष्मा वाढल्याचं प्रमाण तो सांगतच नाही. तसा दिवस येण्याची शक्यता किती बदलली, एवढंच तो सांगतो.

उणे आकड्यांकडे कुणी फारसं बघत नाही, पण थंडीत तेच कामाचे. निफाडला पारा उतरला की ‘कुठे गेली तुमची तापमानवाढ?’ हा प्रश्न दरवर्षी ठरलेला. अशा सकाळी किमान तापमानाचा नकाशा उघडावा. उणे २ दिसलं, तर एवढी थंडी आताच्या हवामानात पूर्वीच्या निम्म्याहून जास्त वेळा पडत नाही, असा त्याचा अर्थ. थंडी पडली हे खरं आणि तशी थंडी दुर्मीळ होत चालली हेही खरं.

शून्याचा अर्थ मात्र जपून लावावा. त्या दिवशी, त्या तापमानावर हवामानबदलाचा ठसा वेगळा काढता येत नाही, इतकंच शून्य म्हणतं. हवामानबदल त्या गावात नाहीच, असं ते म्हणत नाही.

आकडा येतो कुठून? दोन वाटांनी. पहिल्या वाटेत १९५० पासूनच्या पुनर्विश्लेषित (प्रत्यक्ष मोजमापं आणि संगणकी गणित जुळवून तयार केलेल्या) हवामान नोंदी घेतात, म्हणजे युरोपीय हवामान केंद्राचा ईआरए५ हा संच. जगाचं सरासरी तापमान एक अंशाने वाढलं की त्या ठिकाणचं तापमान किती सरकतं, हे त्यातून काढतात आणि तेवढी वाढ वजा करून ‘हवामानबदल झालाच नसता तर’ असं हवामान उभं करतात. दुसऱ्या वाटेत दोन डझन हवामान प्रारूपांकडून (संगणकावरच्या हवामान मॉडेल्सकडून) तीच तुलना करून घेतात. मग दोन्हींची सांगड घालतात. आज-उद्याचं तापमान अमेरिकी हवामान खात्याच्या जीएफएस अंदाजातून येतं. त्यामुळे आजचा आकडा अंदाजावर उभा असतो. महत्त्वाच्या लिखाणात तो वापरायचा असेल तर काही दिवस थांबून त्याच तारखेचा नकाशा पुन्हा पाहावा.

या नकाशातली सगळ्यात बुचकळ्यात टाकणारी गोष्ट म्हणजे रत्नागिरी किंवा पणजीला ३४ अंश असताना नकाशा गडद लाल आणि चंद्रपूरला ४५ अंश असताना फिकट, असं होऊ शकतं. वाचक म्हणतो, नकाशा बिघडला. पण तो बिघडलेला नसतो. किनाऱ्यावर समुद्रामुळे रोजचं तापमान फार हलत नाही, विदर्भात ते बरंच वरखाली होतं. एक हिशेब करून पाहू. समजा दोन्हीकडे हवामानबदलाने सरासरी १ अंशाने वाढली. किनाऱ्यावर रोजच्या चढउताराचं प्रमाण विचलन, म्हणजे रोजचं तापमान सरासरीपासून साधारण किती दूर जातं ते, १ अंश धरा, विदर्भात ३ अंश. दोन्ही ठिकाणी जुन्या हवामानात सारखाच दुर्मीळ असलेला दिवस घ्या, म्हणजे सरासरीपेक्षा दोन विचलनांनी गरम, साधारण ४४ दिवसांतून एकदा येणारा. किनाऱ्यावर आता तसा दिवस सुमारे सातपट जास्त वेळा येईल, विदर्भात जेमतेम दुपटीने. वाढ सारखीच १ अंश, पण पटींचा आकडा वेगळा. म्हणून सीएसआयचा रंग हा धोक्याचा रंग समजू नये. भारतीय हवामान विभागाच्या निकषाने किनारपट्टीवर उष्णतेची लाट ठरायला पारा किमान ३७ आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंश जास्त लागतो. सीएसआय ५ असूनही त्या दिवशी लाट नसेल, आणि सीएसआय १ असताना चंद्रपूरला माणसं उष्माघाताने दवाखान्यात भरती होत असतील.

भारताच्या बाबतीत आणखी एक पेच आहे आणि तो नकाशावर कुठेच लिहिलेला नाही. १९ मे २०१६ ला राजस्थानातल्या फलोदीत ५१ अंशांची नोंद झाली. हे हवामानबदलामुळेच, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. गेर्ट यान फान ओल्डेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी नोंदी तपासल्या. वर्षातल्या सर्वांत तप्त दिवसाचं तापमान १९७० च्या दशकापासून भारताच्या बहुतेक भागांत वाढलेलंच नाही, असं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसलं. कारणं दोन: हवेतल्या प्रदूषणाचे कण सूर्यप्रकाश अडवतात, आणि वाढलेल्या सिंचनामुळे शेतातून होणारं बाष्पीभवन हवा थंड करतं. हरितगृह वायूंची उष्णता त्यामागे झाकली जाते. ‘दिवसाचं कमाल’ निवडून उत्तर भारताकडे पाहताना हे डोक्यात ठेवलंच पाहिजे. आपल्याकडे सीएसआय पाहायचाच, तर किमान तापमानाचा नकाशा आधी उघडावा. सूर्यप्रकाश अडवणारे कण रात्री ते काम करत नाहीत, आणि शरीराला उसंत मिळते की नाही हेही रात्रीच्या पाऱ्यावरच ठरतं.

दोन उणिवा ठळक आहेत. नकाशाचा एक चौकोन साधारण २५ ते २८ किलोमीटरचा, म्हणजे अख्खं पुणे शहर एक-दोन चौकोनांत संपतं. आणि ईआरए५ मध्ये शहर हा प्रकारच धरलेला नाही. काँक्रीट, डांबर, पत्र्याची छपरं यांनी शहराची जी जास्तीची तापणूक होते, ती या आकड्यात येत नाही. एका अर्थी हे बरंच आहे, कारण शहराने केलेली वाढ आणि जगाच्या तापमानवाढीने केलेली वाढ यांची सरमिसळ होत नाही. पण धारावीतल्या पत्र्याच्या खोलीत काय चाललंय ते या नकाशावरून कळणार नाही. दुसरी उणीव दमटपणाची. फक्त कोरडं तापमान पाहणारा नकाशा मुंबईच्या मे महिन्याला पुरा पडत नाही. घाम वाळत नसेल तर ३४ अंशही जीवघेणे ठरतात.

आता पाऊस. सीएसआयमध्ये तो का नाही? तापमान सलग असतं. वाशीला जेवढं, तेवढंच थोड्याफार फरकाने पनवेलला. पावसाचं तसं नाही. २६ जुलै २००५ च्या प्रलयात सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला, आणि त्याच २४ तासांत कुलाब्याला ७५ मिलिमीटरही नाही. ही दोन केंद्रं नकाशाच्या एकाच किंवा लगतच्या चौकोनात येतात. तिथे एका आकड्याला काय अर्थ उरतो? भौतिकशास्त्राचा मूळ नियम पक्का आहे: हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं. पण ते बाष्प कुठे, कधी आणि किती तासांत खाली येणार, हे वाऱ्यांवर, घाटांच्या उंचीवर आणि समुद्रावरच्या कमी दाबाच्या पट्ट्यांवर ठरतं. ७ टक्क्यांचा नियम तालुक्याला लावता येत नाही.

पावसासाठी दुसरी सेवा म्हणजे ‘वर्ल्ड वेदर ॲट्रिब्युशन’. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या फ्रीडेरीके ओटो तिचं नेतृत्व करतात. त्यांनी आणि वर उल्लेख आलेल्या फान ओल्डेनबर्ग यांनी ती उभी केली, सुरुवातीला क्लायमेट सेंट्रलही सोबत होती. हा रोजचा नकाशा नव्हे. एखादी मोठी आपत्ती आली की हा गट काही दिवसांत किंवा आठवड्यांत अहवाल काढतो आणि तो सगळ्यांना मोफत वाचता येतो. अहवालातला पहिला निष्कर्ष वाचण्याआधी घटनेची व्याख्या वाचावी: कोणता प्रदेश, किती दिवसांची सरासरी, कोणतं मोजमाप. सगळं त्यावर ठरतं.

खारघरचंच पाहा. १६ एप्रिल २०२३ ला भर उन्हातल्या सोहळ्यानंतर डझनाहून जास्त माणसं दगावली. पुढे या गटाचा अहवाल आला, त्यात दमट उष्म्याची शक्यता हवामानबदलाने किमान ३० पटींनी वाढल्याचं म्हटलं होतं. लगेच ‘खारघरचं ऊन ३० पट’ असं पसरलं. अहवालाने तपासलेला पट्टा दक्षिण व पूर्व भारत आणि बांगलादेश असा अवाढव्य होता, आणि मोजमाप सलग चार दिवसांच्या उष्मा निर्देशांकाचं, म्हणजे तापमान आणि दमटपणा मिळून जाणवणाऱ्या उष्म्याचं. एका मैदानावरच्या एका दुपारबद्दल त्यात काहीही नाही. उघड्या मैदानात तासन् तास माणसं का बसवली, सावली आणि पाणी किती होतं, हे प्रश्न ३० या आकड्याने मिटत नाहीत. एप्रिलमध्ये भर दुपारी ऊन असणार, हे सांगायला कुठल्या अहवालाची गरज नव्हती.

व्याख्या बदलली की आकडा कसा बदलतो याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण २०२२ चं. त्या वर्षीचा मार्च भारतात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. वर्ल्ड वेदर ॲट्रिब्युशनने मार्च-एप्रिलची भारत-पाकिस्तानातली लाट घेतली आणि शक्यता सुमारे ३० पट वाढल्याचं सांगितलं. ब्रिटनच्या हवामान खात्याने वायव्य भारत व पाकिस्तानची एप्रिल-मेची सरासरी घेतली, २०१० चा विक्रम मोडण्याची शक्यता विचारली आणि उत्तर १०० पट आलं. दोन्ही बरोबर, प्रश्न वेगळे. दोन वर्तमानपत्रांत दोन आकडे दिसले की शास्त्रज्ञांचंच एकमत नाही असा अर्थ काढू नये.

पावसाच्या अहवालांत आकडे लहान होतात आणि अनिश्चितता मोठी. जुलै २०२४ च्या वायनाड दरडींमागचा एका दिवसाचा पाऊस हवामानबदलाने सुमारे १० टक्क्यांनी जास्त झाला, असा त्यांचा अंदाज. दरड मात्र पावसाएवढीच उतारावरच्या मातीची, खाणींची आणि तोडलेल्या झाडीची गोष्ट आहे. २०१५ च्या चेन्नई महापुराच्या अभ्यासात हवामानबदलाचा हात दिसलाच नाही. या सेवेवर विश्वास ठेवायचं हेच मोठं कारण: जिथे सापडलं नाही, तिथे ‘सापडलं नाही’ असं ते छापतात.

अडचण निवडीची आहे. हा गट माणसांना मोठा फटका बसलेल्या घटनाच घेतो आणि हाताशी माणसं मोजकी, त्यामुळे आपल्याकडच्या बहुतेक घटना सुटतात. महाबळेश्वरला जुलै २०२१ मध्ये २४ तासांत ५९४ मिलिमीटर पडला, किंवा २०२५ मध्ये मान्सून मुंबईत ११ जूनच्या सर्वसाधारण तारखेऐवजी २६ मेलाच आला, अशा वेळी ‘यात हवामानबदलाचा वाटा इतका’ असा आकडा कुणी छातीठोकपणे सांगू लागलं तर आधी विचारावं, कोणत्या अभ्यासातून? मोठ्या प्रदेशाबद्दल, अनेक दशकांबद्दल बोलता येतं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या गटाने मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ दरम्यान तिपटीने वाढल्याचं २०१७ मध्ये दाखवलं. हा कल आहे. त्यातून एखाद्या मंगळवारच्या पावसाचा वाटा निघत नाही.

गारपिटीबद्दल कुणीच खात्रीने सांगू शकत नाही, हे द्राक्ष आणि डाळिंबवाल्या शेतकऱ्यांनी ऐकायला हवं. फेब्रुवारी-मार्च २०१४ च्या गारपिटीने राज्यभर पिकं झोडपली, तेव्हापासून हा प्रश्न विचारला जातोय. गार तयार होते ती काही किलोमीटर रुंदीच्या ढगात. जागतिक प्रारूपांचे चौकोन त्याहून कितीतरी मोठे, ढग त्यांना दिसतच नाही. शिवाय तापमानवाढीचे परिणाम उलटसुलट आहेत. जास्त बाष्पाने ढग जोरकस होतो आणि गार मोठी होऊ शकते, पण गोठणपातळी (ज्या उंचीवर हवा शून्य अंशाला पोहोचते ती) वर सरकल्याने लहान गारा जमिनीवर पोहोचण्याआधीच वितळतात. आणि गारांच्या दाट, सलग नोंदी आपल्याकडे नाहीत. ज्याची नोंद नाही त्याचा कल कसा काढणार?

स्वतः तपासायची इच्छा आणि थोडी चिकाटी असेल, तर साधनं मोफत आहेत. हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाच्या संकेतस्थळावर १९०१ पासूनचा रोजचा पाऊस अक्षांश-रेखांशाच्या ०.२५ अंशाच्या चौकोनांत आणि १९५१ पासूनचं कमाल-किमान तापमान १ अंशाच्या चौकोनांत मिळतं. पायथॉन ही संगणकाची भाषा येत असेल तर ‘आयएमडीलिब’ ही मोफत लायब्ररी त्या फायली उघडते. आपल्या चौकोनातून प्रत्येक वर्षाचा एका दिवसाचा सर्वाधिक पाऊस काढायचा. निदान ५० वर्षं हवीतच. मग डच हवामान संस्थेच्या ‘क्लायमेट एक्सप्लोरर’ या संकेतस्थळावर ही मालिका चढवायची आणि जगाच्या सरासरी तापमानाशी जोडून टोकाच्या घटनांच्या पुनरावृत्तीचा काळ काढायचा. आडव्या अक्षावर वर्ष न घेता जागतिक तापमान घ्यायचं, कारण तापमानवाढ दरवर्षी सारख्या वेगाने झालेली नाही.

चुका ठरलेल्या जागी होतात. पावसाच्या फायलीत नोंद नसलेल्या जागी उणे ९९९ असतं, तापमानाच्या फायलीत ९९.९, हे आकडे आधी काढून टाकले नाहीत तर सरासरी हास्यास्पद येते, आणि त्यांच्या जागी शून्य भरलं तर कोरडी वर्षं खोटी तयार होतात. पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ मोजतात आणि संपण्याच्या तारखेखाली लिहितात, म्हणून २६ जुलैचा प्रलय २७ जुलैच्या रकान्यात शोधायचा. चौकोनी सरासरीत शिखर बोथट होतं, ९४४ चा आकडा तिथे मिळणार नाही. पाऊस मोजणारी केंद्रं दशकांगणिक कमी-जास्त झाली, त्याने खोटा कल उमटतो. आणि आलेख वर चढला म्हणजे कारण सापडलं असं होत नाही. प्रदूषण, सिंचन, शहराची वाढ यांना वेगळं काढायला प्रारूपं लागतात. घरच्या तपासणीतून ‘बदल झाला आहे का’ एवढंच कळतं.

गावपातळीवरच्या ताज्या पावसासाठी राज्याच्या महावेध प्रकल्पाची दोन हजारांहून जास्त स्वयंचलित केंद्रं आणि कृषी विभागाचं महारेन संकेतस्थळ आहे. रोजच्या कामाला उत्तम, पण महावेध २०१७ नंतरचा, दीर्घ कलासाठी तो लहान पडतो. नुकसानभरपाईचं काम निराळं आहे: तिथे मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला का, हेच पाहतात. हवामानबदलाचा वाटा १० टक्के की शून्य, याने पंचनाम्यात फरक पडत नाही. सीएसआयचा नकाशा छापून तलाठ्याकडे नेण्यात अर्थ नाही.

क्लायमेट सेंट्रलने दोन गोष्टी कराव्यात असं फार वाटतं. आर्द्रतेसह उष्म्याचा थर नकाशात आणावा, तो नसल्याने अख्खी पश्चिम किनारपट्टी अर्धवट दिसते. आणि नकाशाची चौकट, पट्टीचा खुलासा मराठी-हिंदीत द्यावा. ‘किमान पाचपट जास्त वेळा’ हे चार शब्द मराठीत नकाशाखाली असते तर निम्म्या चुकीच्या बातम्या झाल्याच नसत्या.

तोवर बातमी करणाऱ्यांनी नकाशाखाली ओळ अशी लिहावी: ‘रत्नागिरीत आज रात्रीचं एवढं किमान तापमान हवामानबदलामुळे किमान तिप्पट जास्त वेळा येतं, असं क्लायमेट सेंट्रलचा नकाशा सांगतो.’ ठिकाण, तारीख, कमाल की किमान, ‘किमान’ हा शब्द आणि आकडा कुणाचा, यांतलं काहीही गाळू नये. नकाशा पावसाच्या किंवा गारपिटीच्या बातमीला जोडू नये.